लाल ताऱ्यासाठी कुरुंदवाडला

कोल्हापूरला माणसं देवीला जातात, चपला घ्यायला जातात, रस्सा ओरपायला जातात. मी गेले ती एका ताऱ्यापायी, आणि तो ताराही असा की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. नाशिकला आमच्या स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा मराठीच्या बाईंनी विचारलं, "मग तो तिथे आहे हे तुला सांगितलं कोणी?" त्या वेळी मी हसण्यावारी नेलं. पण गाडीत बसल्यावर तोच प्रश्न उशाला घेऊन पडले आणि झोप काही लागली नाही.

माझा जीव एवढा टांगणीला का लागला होता ते आधी सांगते. आपल्या सूर्याच्या शेजारपाजारी जे तारे आहेत त्यांतले बहुतेक लहान, थंड आणि लालसर आहेत. त्यांना लाल बटू म्हणतात. एवढे शेजारी, पण इतके मंद की एकाचंही तोंड आपल्याला दिसत नाही. मात्र ग्रह शोधायला हेच बरे. लग्नाच्या मांडवातल्या हॅलोजनपुढून चिलट गेलं तर कोणाला पत्ता लागत नाही, पणतीपुढून गेलं तर ज्योत झाकल्यासारखी वाटते. लाल बटू म्हणजे पणती. पृथ्वीएवढा लहानसा खडकाळ ग्रह समोरून गेला तरी त्याचा उजेड किंचित उतरतो. किंचित म्हणजे शंभरातला एक भागसुद्धा नाही, पण मोजता येतो.

अवकाशातल्या एका दुर्बिणीला शशक नक्षत्रातल्या अशाच एका ताऱ्याचा उजेड ठरावीक दिवसांनी उतरताना दिसला होता. पण तिची नजर भरड. तिच्या एका ठिपक्यात चार-पाच तारे कोंबलेले असतात. उजेड नक्की कोणाचा उतरला, आपल्या लाल ताऱ्याचा की शेजारच्या भलत्याच कोणाचा, हे जमिनीवरून बघून सांगावं लागतं. हे काम जगभरातले हौशी लोक वाटून घेतात, आणि या ताऱ्याचं काम माझ्याकडे आलं होतं. पहिल्या खेपेला नाशिकवर अवकाळी ढग आले. दुसऱ्या खेपेला शेजारच्या लॉन्सवर लग्न होतं आणि वरातीचे लेझर दिवे आभाळभर नाचत होते. आता तिसरी खेप, आणि यंदा आपल्याकडून दिसणारी शेवटची. पुढे तारा सूर्याच्या उजेडात जाणार आणि काम दुसऱ्या कोणाला देणार, असं आमच्या संयोजकांनी कळवलं होतं. त्यांची भाषा सभ्य होती. मला ती फार लागली.

मी बावन्न वर्षांची आहे. आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेलं फळ्यावर लिहीत आले. एकदा तरी आपल्या हातून एखादं नवं, खरं वाक्य लिहिलं जावं एवढीच माझी हाव होती. त्यात आमच्या प्राचार्यांनी 'ग्रह शोधल्याबद्दल' माझा सत्कार परस्पर ठरवून टाकला. बाजारात तुरी म्हणतात त्यातली गत. शाल आणूनसुद्धा ठेवली होती.

हातकणंगले

कोल्हापूरला उतरायचं आणि मी उतरले हातकणंगल्याला. दोष माझ्या काळजीचा. स्टेशन निघून जाईल या भीतीने मी मिरज सोडल्यापासूनच पिशव्या घेऊन दारात उभी होते. हातकणंगल्याला गाडी थांबली. मागच्या दोघांना वाटलं, बाईंना उतरायचंय आणि ओझं जड झालंय. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझी कॅमेऱ्याची बॅग अल्लद उचलून फलाटावर ठेवलीसुद्धा. त्या बॅगेत कॉलेजचा कॅमेरा होता. मी तिच्यामागे उडीच मारली. गाडी गेली. दारातून ते दोघे माझ्याकडे बघून हात हलवत होते, आणि शिष्टाचार म्हणून मीही हलवला.

पुढचा प्रवास वडापने केला. वडाप म्हणजे भरल्याशिवाय न हलणारी जीप, आणि भरली असं तिच्या चालकाला कधीच वाटत नाही. मी बॅग मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरली होती. समोरच्या मावशींनी बराच वेळ बघून विचारलं, की त्यात पोर हाय का काय. मग सांगावंच लागलं. सगळी जीप ऐकायला लागली. कोपऱ्यातल्या फेटेवाल्या आजोबांनी एकच गोष्ट विचारली, तिथं पाणी आहे का. मी म्हटलं, ते कळायला फार मोठी दुर्बीण लागेल, आधी ग्रह तरी आहे का ते बघू.

"उलटं कराय लागलाय की," ते म्हणाले. "रान घेताना आमी आधी हीर बघतो, मग रान."

जीपमध्ये सगळ्यांना ते पटलं. मलाही थोडंसं पटलं, आणि त्याने काळजीत भरच पडली.

शाहूपुरी

रफीक मुल्ला यांना मी चार वर्षं फोनवर ओळखत होते. आकाशप्रेमींच्या एका गटात आमची गाठ पडली होती. शाहूपुरीत त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तांब्याची तार, वार्निशचा वास, आणि दुरुस्तीला आलेल्या पाण्याच्या मोटारी दारापर्यंत. त्यांतच कधीतरी हौसेने त्यांनी चौदा इंची आरसा घासून दुर्बीण केली आणि शहरातल्या उजेडाला कंटाळून ती कुरुंदवाडजवळ एका गिऱ्हाइकाच्या शेतातल्या घरावर नेऊन बसवली. आकाश काळं, दुर्बीण मोठी, आणि कॅमेरा माझा. म्हणून हा प्रवास.

त्यांच्या पत्नी रेहानाभाभींनी पोचल्या पोचल्या ताटं मांडली. मी मटण खात नाही म्हटल्यावर भाभींनी भरलेला डाव परत पातेल्यात ठेवला. त्या म्हणाल्या, मग पांढरा रस्सा तरी घ्या, त्याला रंगबी न्हाय. शेवटी माझ्यासाठी झुणका झाला आणि तो इतका तिखट की माझ्या कानातून वाफा निघाल्या. त्यांच्या घरातली धाकटी मंडळी तोच झुणका नुसता बोटाने चाटत होती.

जेवण झाल्यावर, रफीकभाईंनी शेतावरून सोडवून आणलेल्या दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या नळीत कॅमेरा बसवून बघायला घेतला. आटे जुळेनात. त्यांच्या नळीचे वेगळे, माझ्या कॅमेऱ्याचे वेगळे. मधे जोडायला एक कडं हवं होतं आणि ते मागवायचं तर आठवडा जाणार. निरीक्षण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मी खुर्चीत बसूनच राहिले. तीन हजार वेळा यादी तपासणारी बाई मी, आणि आटे विचारायचे राहिले.

रफीकभाईंनी कॅलिपरने माप घेतलं आणि म्हणाले, "व्हतंय की."

आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही, हे मला ठाऊक आहे. 'व्हतंय की'चा अर्थ मला ठाऊक नव्हता, म्हणून मी धीर सोडला. वर बघते तर ते चपला घालून दारात. उद्यमनगरातल्या लेथवाल्या दोस्ताने दुपारचा चहा व्हायच्या आत पितळेचं कडं कातून दिलं. पैसे विचारले तर त्याला राग आला. त्याला फक्त एवढंच हवं होतं, की ग्रह सापडला तर कडं कोल्हापूरचं होतं हे सांगावं. ते इथे सांगून टाकते.

कुरुंदवाडच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही टेंपोतून निघालो. हातकणंगले मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. आमच्याकडे द्राक्षबागा नीटनेटक्या, ओळीत उभ्या असतात. इथे ऊस अंगावर येतो. रस्ता भिंतींमधून चालल्यासारखा वाटतो, आणि वर आभाळाची एक पट्टी. त्या पट्टीत मला धूर दिसला. गुऱ्हाळाचा धूर. पलीकडे कोणी उसाचं पाचट पेटवलं होतं, तोही धूर. त्यात नदी जवळ, म्हणजे संध्याकाळी दंव पडणार आणि आरसा घामेजणार. मी प्रत्येक धुराकडे बोट दाखवत होते आणि रफीकभाई प्रत्येक वेळी 'वारा तिकडचा हाय' म्हणत होते. वारा नेमका कुठला हे मी विचारलं नाही.

शेतघराचे मालक तात्या पाटील साठीपुढचे, ताठ, आणि आवाज असा की समोर उभं राहून बोलत असले तरी पलीकडच्या रानातल्या माणसाला सांगताहेत असं वाटावं. त्यांच्या पत्नीचं, म्हणजे अक्कांचं, माहेर चिक्कोडीकडचं. बोलता बोलता त्या कानडीत शिरतात आणि परत येतात. इथल्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात. 'मी भाकरी टाकतो' असं अक्का म्हणाल्या तेव्हा तात्याच चुलीशी बसणार की काय असं मला क्षणभर वाटलं. मग कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी आणि घट्ट दही आलं. आदल्या दिवसापासून मला काही गोड लागलं नव्हतं, इथे मात्र दोन भाकरी कशा गेल्या कळलं नाही.

तात्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. ग्रह आडवा जाणार कधी, तर दिवेलागणीनंतर थोड्या वेळाने. उजेड किती चालेल, तर अजिबात नाही. त्यावर ते उठले आणि तयारीला लागले. घरातले, गोठ्यातले दिवे बंद. शेजारच्या वस्तीवर निरोप. गुऱ्हाळ भावकीतलंच, तिथली गुळाची काईल त्या दिवशी लवकर उतरवायला लावली. रस्त्यावरच्या खांबाच्या दिव्याला पोतं बांधलं, ते कसं ते मी विचारलं नाही. शेतीपंपांची वीज घरच्यापेक्षा वेगळी येते, आणि त्या आठवड्यात ती रात्रपाळीची होती. ती दहाच्या आत येत नाही, तोवर तुमचं सगळं उरकतंय, असं त्यांनी सांगितलं. आमची यंत्रं बॅटरीवर चालणार होती. सगळीकडून दारं लावून घेतल्यासारखं झालं, आणि मला नेहमीप्रमाणे वाटलं की काहीतरी उघडं राहिलंय.

अंधार पडला. मृग नक्षत्र वर आलंच होतं. त्याच्या पायाखाली शशक. पितळी कडं चपखल बसलं. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर आमचा तारा म्हणजे तीळभर ठिपका, आणि आजूबाजूला त्याचे शेजारी. दर फोटोबरोबर आलेखावर एक टिंब पडायचं. टिंबं सरळ रेषेत पडत होती. रफीकभाई मधूनमधून, घरातून वायर ओढून, भाभींच्या केस वाळवायच्या यंत्राने नळीच्या तोंडाला ऊब देत होते, दंव धरू नये म्हणून. तात्या हात मागे बांधून गप्प उभे होते. एवढा वेळ गप्प राहिल्याचं लग्नापासून आठवत नाही, असं अक्का माझ्या कानाशी म्हणाल्या. मी हसले नाही. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. अधिक्रमण, म्हणजे ग्रहाचं ताऱ्यापुढून जाणं, सुरू व्हायची वेळ जवळ येत होती.

आणि पडदा पांढरा पडला.

मला आधी वाटलं कॅमेरा गेला. मान वर केली तर सगळं रान पेटलेलं. लांबवर, जवळ, उसाच्या मधून, विहिरीविहिरींवर पिवळे दिवे. सगळ्यांत जवळचा आमच्या दुर्बिणीच्या खालीच, तात्यांच्या विहिरीवर, नळीत थेट उजेड टाकणारा.

झालं होतं ते असं. दुपारी कुठेतरी लाइनचं काम निघालं होतं, त्याची भरपाई म्हणून वीज त्या दिवशी लवकर सोडली. या भागात प्रत्येक मोटारीच्या खोलीवर एक बल्ब असतो आणि त्याचं बटण कायम चालू ठेवलेलं असतं. तो उजेडासाठी नसतोच. वीज आली की तो लागतो आणि घरात बसल्या बसल्या कळतं, उठा, पाणी पाजायला चला. संध्याकाळी पंपांची वीज नसते, म्हणून तो विझलेला. तात्यांनी गावभरचे दिवे बंद करवले, पण विझलेला दिवा बंद करावा हे कोणाच्या डोक्यात येणार. त्यांच्या लेखी तो दिवाच नव्हता, ती वर्दी होती.

 मी तिथेच खाली बसले. तिसरीही खेप गेली, माझ्या नशिबात वर्गातला फळाच, असं मनात आलं आणि डोळे भरून आले. लाज वाटली, पण आले.

तात्या तोवर जिना उतरून गेलेही होते. उसातून पळतानाचा सळसळाट ऐकू आला, आणि विहिरीवरचा बल्ब गेला. गरम बल्ब त्यांनी धोतराच्या सोग्यात धरून काढला हे नंतर त्यांची बोटं बघून कळलं. मग त्या अंधारातून त्यांचा आवाज उठला.

"ए म्हादू, बल्ब काढ. बल्ब. बाईंचा तारा दिसंना झालाय."

पलीकडून कोणीतरी ओ दिली. मग त्या माणसाने त्याच्या पुढच्याला हाक मारली, त्याने त्याच्या पुढच्याला. काय सांगताहेत हे शेवटच्या माणसाला कितपत कळलं असेल कोणास ठाऊक. पण दिवे जायला लागले. एक गेला, त्याच्या मागचा गेला, मग नदीच्या बाजूचे दोन. मी उभी राहून बघत होते. इतक्या मोठ्याने बोलणाऱ्या माणसांची मला आदल्या दिवसापासून धास्ती वाटत होती. त्या संध्याकाळी तोच आवाज कामाला आला.

पडदा पुन्हा काळा झाला. ठिपका सापडला. टिंबं पडायला लागली, पण मघाच्या रेषेच्या खाली. किंचित खाली. मी डोळे पुसून परत बघितलं. रफीकभाईंनी शेजारच्या ताऱ्यांचे आलेख एकेक करून काढले. ते सगळे जागच्या जागी होते. उतरला होता तो फक्त आपला. मग हळूहळू टिंबं वर चढायला लागली आणि पहिल्या रेषेला येऊन मिळाली. मध्ये एक भगदाड होतं, दिव्यांनी खाल्लेलं. उतरणीचा क्षण त्यातच गेला होता.

तात्या वर आले तेव्हा त्यांच्या पायांना चिखल आणि हातात तो बल्ब होता. मी त्यांना पडद्यावर दाखवलं. त्यांनी बल्ब खाली ठेवला आणि वाकून बघितलं.

"म्हंजे तुमचंबी आमच्यावानीच की," ते म्हणाले. "जायाचं न्हाय जवळ. लांबनं दिव्याकडं बघून वळखायचं."

मी म्हटलं, अगदी तसंच. मग त्यांनी विचारलं, गेलेल्या तुकड्यानं नुकसान किती झालं. मला माहीत नव्हतं आणि मी खोटं बोलले नाही. त्यावर ते जे गप्प झाले ते सकाळपर्यंत. निघताना अक्कांनी नरसोबाच्या वाडीची कवठाची बर्फी बांधून दिली. तात्या टेंपोपर्यंत आले आणि नुसते उभे राहिले. पावणं परत या, एवढंही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

परत

नाशिकला येऊन मी सगळी माहिती संयोजकांकडे पाठवली आणि वाट बघत बसले. सत्कार पुढे ढकलायला लावला. प्राचार्यांना ते मुळीच आवडलं नाही, कारण हारसुद्धा सांगून झाला होता. वर्गात शिकवताना, कुकर लावताना, माझ्या डोळ्यांसमोर ते भगदाड यायचं. उतरण दिसलीच नाही तर आपलं कोण मानणार असं वाटायचं.

उत्तर यायला मे उजाडला. ते चार ओळींचं होतं. मधला तुकडा नसला तरी तळ आणि चढण स्वच्छ आहे. उजेड उतरतो तो त्या लाल ताऱ्याचाच, शेजाऱ्यांचा नाही. आता मोठ्या दुर्बिणी त्याला हाती घेतील आणि ताऱ्याला बसणाऱ्या हिसक्यांवरून ग्रहाचं वजन काढतील. खडकाळ असण्याचा संभव बराच आहे. मी ते वाचून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी घासली. आनंद झाला की माझे हात असेच चालायला लागतात.

रफीकभाईंना कळवलं. ते म्हणाले, तात्यांना तुम्हीच सांगा. संध्याकाळ उलटल्यावर फोन लावला. अक्कांनी उचलला. तात्या विहिरीकडे गेलेत म्हणाल्या, वीज आली का बघायला.

मला कळेना. मी विचारलं, त्यासाठी जावं कशाला लागतं, बल्बवरून दिसतं ना.

"बल्ब कुठं हाय आता," अक्का म्हणाल्या. "तुमी गेल्यापास्नं लावलाच न्हाय त्येनी. तुमचा ग्रह कवा आडवा जाईल नेम न्हाय, म्हंत्यात. रोज अंधारात चालत जात्यात, वीज न्हाय दिसली की माघारी येत्यात, परत जात्यात."

मी फोन घट्ट धरला. साठीपुढचा माणूस, दोन्ही बाजूंनी ऊस, उन्हाळ्याचे दिवस, पायाखाली काय असेल सांगता येत नाही. आणि तो तारा तर केव्हाच सूर्याच्या उजेडात गेला होता. जो आभाळात नाही त्याच्यासाठी ते तीन महिने अंधार राखत होते, आणि हे त्यांना सांगायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मी म्हटलं, अक्का, त्यांना आत्ताच्या आत्ता बल्ब लावायला सांगा. तारा मावळलाय. दिवाळी होईपर्यंत संध्याकाळचा दिसायचा नाही. दिसायला लागला की मी आधी कळवीन.

"आन ग्रह?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आहे.

त्यांनी फोन तसाच ठेवून दारातून हाक मारली. त्यांचाही आवाज काही कमी नाही. बल्ब लावा म्हणून सांगितलं, आणि ग्रह हाय म्हणूनही. लांबून उत्तर आलं का ते मला ऐकू आलं नाही. मी फोन कानाला लावून बसून राहिले. रानात काय चाललंय ते काही कळत नव्हतं, नुसती रातकिड्यांची किरकिर आणि गोठ्यातल्या जनावराची घंटा. माझ्या मनात नको नको ते येत होतं.

मग अक्का फोनवर आल्या.

"लागला," त्या म्हणाल्या.